नामाची जीभ आणि दोन अंगणवाड्या

कल्पितानं डब्याचं झाकण दाबता दाबता फर्मान सोडलं, "बाबा, सोमवारपर्यंत अंगणवाडी ठरवा. नाहीतर मृणालला मी उरणच्या इंग्लिश नर्सरीत घालते. व्हॅन दारात येते. सातला नेते, तीनला सोडते."

नामानं चहाची बशी खाली ठेवली. नात म्हणजे त्याचा अख्खा दिवस. सकाळी तिला खांद्यावर घ्यायचं, खारबांधावरून फिरवायचं, एकेका बगळ्याला नाव ठेवायचं. तीन वर्षांची पोर व्हॅनमध्ये बसून गेली, तर बगळ्यांनी तरी कुणाची वाट बघायची?

"सोमवार कशाला? त्याच्या आधीच सांगतू," तो सुनेला म्हणाला.

गावात अंगणवाड्या दोनच. वरच्या पाड्यात नलूताईंची. तिथं भिंतीवर रंगीत हत्ती आणि कोपऱ्यात टीव्ही. खालच्या पाड्यात, बांधाच्या तोंडाशी, क्रांतीची. तिला पत्र्याचं छप्पर, पण दारातून थेट मिठागर दिसायचं. दोन्हीकडे पटावर एकोणीस पोरं, आणि विसावं मिळालं नाही तर मदतनीस जाणार, अशी कुणीतरी वावडी उठवलेली. त्यामुळे मृणालवर दोघींचा डोळा.

हत्ती नि टीव्हीतलं नामाला काही कळत नव्हतं. त्याची चाळीस वर्षं मिठागरावर गेलेली. चिमूटभर मीठ जिभेवर टेकवून ते मिठागराच्या कुठल्या कोंडीत, म्हणजे वाफ्यात, पिकलंय ते सांगणारा माणूस तो. जी काही पारख करायची ती जिभेनंच, म्हणून त्यानं दोन्हीकडची खिचडी चाखायची ठरवली. खिशात मिठाची पुडी होतीच, ती जन्माची सवय.

नलूताईंनी वाटी पुढे केली. नामानं घास घेतला, डोळे मिटले, उघडले.

"नलूबाय, मीठ घालाचं राहिलं गो."

"राहिलं? अहो, पोरं चाटूनपुसून खातात!"

"पोरां गरीब. बोलत न्हाईत."

त्यानं पुडी सोडली, वाटीत भुरभुरवली. मृणालनं त्याच्याच वाटीत हात घातला आणि मिटक्या मारल्या.

"बघ, पोरीला कलतं!"

क्रांतीकडेही तेच झालं. उलट तिच्या खिचडीवर पुडी दोनदा सुटली.

नामा बांध उतरायच्या आत बातमी दोन्ही पाड्यांत पोचली. नलूताईंनी दुसऱ्या दिवशी चमचाभर मीठ वाढवलं. ते क्रांतीला कळलं, तिनं दोन चमचे वाढवले. ते नलूताईंच्या मदतनीस बाईला कळलं, तिनं मापच टाकलं आणि ओंजळीवर आली. नामा रोज दोन्हीकडे चाखायचा आणि मान हलवायचा, "आता जवल आलंव. जरासं अजून."

शनिवारपर्यंत पोरांनी दोन्हीकडचे माठ रिकामे केले. कविता म्हणायला उभी राहिलेली पोरं "पानी, पानी" करत खाली बसू लागली. मिठागरांच्या त्या गावात चंदरच्या दुकानातलं मीठ संपलं. असं आजवर कधी झालं नव्हतं.

सोमवारी क्रांतीच्या अंगणवाडीत पोषण महिन्याचं पाककृती प्रदर्शन होतं. पर्यवेक्षिका रतन मॅडम आल्या. आया आल्या, नामाची बायको सखुबाई आली, कल्पिता अर्धी रजा टाकून आली. समोर दोघींची दोन पातेली, आणि मॅडमच्या शेजारी वरबापासारखा नामा.

मॅडमनी नलूताईंची खिचडी तोंडात घातली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग क्रांतीची घातली. त्यांनी रुमाल शोधला, तो मिळेना, तेव्हा नलूताईंचाच पदर धरला.

"बाई, ही खिचडी आहे की भरतीचं पाणी?"

सगळी पोरं माठाकडे धावली. दोघंच जागची हलली नाहीत. नामा आणि मृणाल एकाच वाटीतून शांतपणे जेवत होते.

"आता कुठं जीव आला खिचडीत!" नामा म्हणाला.

नलूताई आणि क्रांती यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. दोघींची बोटं एकदम नामाकडे वळली. "यांनी सांगितलं!"

"माजी जीभ चाळीस वरसांत चुकली न्हाय!" नामा गरजला.

मागून पदराआड खुदखुद ऐकू आली. सखुबाई होती.

"अवं, चाळीस वरसं तुमची वाटी मी येगली काढतेय. सगल्यांचं कालवन एकच, तुमच्यात वरून मूठभर मीठ. लगनानंतर पयल्याच रोजी अलनी म्हून ताट सरकवलंत. मंग मी कशाला तोंडाला लागू? तवापासून तुमी बोलताव, सखू, तुज्या हाताला चव हाय."

नामाच्या हातातला घास हातातच राहिला.

"म्हणजे, म्हणूनच मृणाल माझ्या हातचं जेवत नाही!" कल्पिता उसळली. "रोज तुमच्या वाटीतलं भरवता ना हिला?"

नामानं मृणालकडे बघितलं. मृणालनं वाटीकडे.

"क्रांती, तूच घे हो पोरीला," नलूताई घाईघाईनं म्हणाल्या.

"छे! तुमच्याकडं टीव्ही हाय, तुमीच घ्या."

"पोरगी गोड आहे गं, पण तिच्याबरोबर आजोबा येतात."

कल्पितानं पर्समधून फोन काढला. "राहू दे. मी व्हॅनवाल्यालाच सांगते."

नामा उठला. त्यानं खिशातून पुडी काढली. पिवळ्या पडलेल्या कागदाची, घामानं मऊ झालेली. क्षणभर मुठीत धरली आणि क्रांतीपुढे ठेवली.

"ही घे. पोरीला हितंच ठेव. मी खिचडीला बोट लावनार न्हाय."

क्रांतीनं पुडी कपाटात टाकली, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली आणि पटावर विसावं नाव लिहिलं. कल्पितानं फोन परत पर्समध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी नामा अंगणवाडीच्या उंबऱ्यावर बसून मृणालला भरवताना गुणगुणत होता:

"खाजनाचं मीठ बाय, टोपलीनं भरलं,
नातीच्या घासाला बोटभर उरलं."

क्रांतीनं त्यालाही एक वाटी दिली. "कशी झालीय, आजोबा?"

नामानं घास घेतला. डोळे मिटले. घशाखाली ढकलला.

"झकास," तो म्हणाला. मिठाच्या बाबतीत तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला होता.

मृणालनंही घास गिळला आणि आजोबांकडे बघितलं. मग दोघांनी एकदमच मान वळवून कपाटाकडे बघितलं.