राणबा तांबटाचा राहिलेला ठोका

श्री. जाणता तो एक. आम्ही केवळ मोजणारे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात टोपीकरांचे जुने कबरस्तान रस्त्याच्या आड आले म्हणोन उकरिले गेले, आणि एका कप्तानाची तांब्याच्या झाकणाची पेटी निघाली, आणि पेटीत हाडे व एक लोखंडी हातोडी निघाली, आणि समुद्रापलीकडोन कप्तानाचे वंशज अस्थी न्यावयास दाखल जाहले. हाडे इतकी झिजलेली की त्यांवरून वंश ठरेना. मग हुकूम जाहला की धातूची परीक्षा व्हावी, आणि ती कामगिरी प्रयोगशाळेच्या वृंदाबाई तांबट यांस सांगितली. बाई भूतखेत न मानणाऱ्या. परंतु पिते भिकोबा भांडी घडविणारे, आणि त्या घराण्याची चाल अशी की, कोणत्याही भांड्यास शेवटचा ठोका द्यावयाचा नाही.

भिकोबा वर्तमान ऐकोन म्हणाले, "बये, तो कप्तान नव्हे. कप्तान लढाईतून पळाला. पलटणीला लाज झाकायला मढं पाहिजे होतं. आपला पूर्वज राणबा झाकण घडवायला गेला. 'पेटीवर बसवून शेवटचा ठोका देतो नि जेवायला येतो' म्हणाला. पान वाढलेलंच राहिलं. तेव्हापासून आपल्यात शेवटचा ठोका देत नाहीत. त्याला परक्याच्या नावानं समुद्रापार धाडू नका."

"आबा, कहाणीला वजन नसतं. तांब्याला असतं."

"मग तांब्यालाच विचार."

मग बाईंनी किरणांचे यंत्र लाविले, आणि हातोडीच्या तोंडावर तांब्याचे पुट आढळले, आणि ते झाकणाचेच ठरले. मग ठोके मोजिले. बाहेरून दोनशे तेरा, आणि प्रत्येकात हातोडीच्या तुटक्या कडेची खूण. शेवटच्या ओळीत एक जागा कोरी, परंतु वर फुगलेली.

मुख्याधिकारी नाडगौडा साहेब हसोन बोलिले, "बाई, पाहुणे खोळंबलेत. मातीनं दबला असेल पत्रा. भुतांची जबानी घेऊ नका, सही करा."

"माती आत दाबते, साहेब. हा बाहेर आलाय."

मग झाकण उलथे केले, आणि कोऱ्या जागेच्या बरोबर पाठीशी एक ठोका होता, आणि त्यात तीच तुटक्या कडेची खूण होती. साहेबांनी खुर्ची मागे ओढिली. बाईंनी ठोक्याची खोली तीन वेळा मोजिली. तिन्ही आकडे एकच आले. मग लिहिले: "आतून ठोका एक. हातोडी तीच. देणारा जिवंत होता. ठोका राहिलेली जागा अंधारात बोटांनी शोधणारा हा झाकण घडविणाराच असावा." आणि सही केली. वंशज रिते परतले, आणि अस्थी भिकोबांच्या घरी आल्या.

भिकोबांनी पुसिले, "आतून एकच?"

"एकच, आबा."

"म्हणजे काम पुरं केलं त्यानं."

आणि समोरचा हंडा ओढोन त्यांनी शेवटचा ठोका दिला.

सारांश: रस्ता जाहला. ठोके एकूण दोनशे चौदा. मोजले तितके लिहिले.