डोळस गाडी

माणसाचा डोळा अधू झाला तर त्याला थांबता येते, गाडीचा अधू झाला तर मात्र थांबता येत नाही. या तत्त्वावर आपली उपनगरे चालतात, आणि मुलुंड पूर्वेचे श्री. श्यामकांत मिठबावकर हे या तत्त्वाचे निष्ठावान पाईक होत.

श्यामकांतांनी गेल्या वर्षी घेतलेली गाडी स्वतः बघते. पुढच्या काचेला, आरशामागे, तिचा कॅमेरा आहे. समोर काही आडवे आले की ती आपणहून ब्रेक मारते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की टुंग टुंग करते. (घाटकोपर ते मुलुंड समोर सतत काहीतरी आडवेच येते आणि पट्टा दिसला तर दिसतो. त्यामुळे पहिल्या दिवशी गाडीने भांडुपपर्यंत नुसता ठणाणा केला. दुसऱ्या दिवशी श्यामकांतांनी ती सोय बंद केली, ती आजतागायत बंद आहे.) तरीही सोसायटीत कोणी भेटले की "आपली गाडी स्वतः बघते हां," असे ते सांगत आणि समोरच्याच्या गाडीकडे कणवेने पाहत.

घरात एका माणसाला मात्र दिसेनासे झाले होते. श्यामकांतांच्या आई कुंदाताई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या तांदूळ निवडताना खडे ठेवून तांदूळ टाकू लागल्या, तेव्हा घाटकोपरच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दसऱ्यानंतरचा सोमवार दिला. पैसेही बाजूला काढून झाले. इथवर सर्व काही रीतसर होते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मग श्यामकांतांनी गाडीवरून नारळ ओवाळला आणि बॉनेटसमोरच्या फरशीवर असा भक्तिभावाने आपटला, की करवंटीचा एक तुकडा उसळून काचेवर बसला. दाण्याएवढा टवका उडाला. "नारळ बरो फुटलो हां," कुंदाताई म्हणाल्या, कारण त्यांना फक्त आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी एसी लावताच टवक्यातून तडा निघाला आणि कॅमेऱ्यापर्यंत पोचला.

विमा कंपनीने नुकसानीच्या कारणांची यादी पाठवली. दगड, जनावर, दंगल, पूर, झाड. नारळ नव्हता. श्यामकांतांनी 'झाड'वर खूण केली. (नारळ झाडालाच लागतो.) झाड कुठल्या दिशेने पडले, असे कंपनीने विचारले, तेव्हा खरे सांगावे लागले. मागणी "वाहनमालकाने स्वहस्ते व श्रद्धापूर्वक केलेले नुकसान" या सदराखाली फेटाळली गेली. विमा कंपनीने भाविकाच्या श्रद्धेची अशी लेखी नोंद घेतल्याचे उदाहरण विरळा.

गाडी मरोळच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे तेजल नावाची मुलगी ग्राहक-आनंद अधिकारी या पदावर होती. तिने आनंदाने सांगितले, "सर, काचेचे छप्पन्न हजार आणि कॅलिब्रेशनचे अडतीस."

"कॅलिब्रेशन म्हणजे काय?"

"नव्या काचेतून कॅमेऱ्याला बरोबर दिसतंय ना, ते बघायचं. आपण चष्म्याचा नंबर काढतो ना, तसंच."

"पण मॅडम, मी ते बंदच ठेवतो."

"ठेवा ना सर, नो प्रॉब्लेम. पण बंद ठेवायला ते आधी चालू पाहिजे ना. नाहीतर डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळतच राहणार."

या युक्तिवादापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. श्यामकांतांनीही टेकले. पिवळा दिवा घेऊन सोसायटीत शिरायचे म्हणजे काय, हे गाडीवाल्यालाच कळते.

"अरे, पण आईंचं सोमवारी आहे ना?" त्यांच्या पत्नी माधुरी म्हणाल्या.

"आहे गं. पण मला वाटतं मोतीबिंदू अजून पिकला नाहीये."

मोतीबिंदू पिकण्याची वाट बघायची नसते, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. पण घरोघरी हा शब्द टिकून आहे, कारण इतका सोयीचा शब्द दुसरा नाही. आंबा कधी पिकतो हे देवगडकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. मोतीबिंदू मात्र मुलाकडे पैसे मोकळे होईपर्यंत हिरवाच राहतो.

कॅलिब्रेशन हा गंभीर विधी आहे. सपाट जमीन लागते, बेताचा उजेड लागतो, चारी चाकांत सारखी हवा लागते, आणि गाडीसमोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा फलक उभा करतात. श्यामकांतांनी हे घरी कौतुकाने सांगितले.

"मगे गाडयेक अक्षरां वाचूक लावतत?" कुंदाताईंनी विचारले.

यानंतर रस्त्यावरची चाचणी. दोन्ही बाजूंना ठसठशीत पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी काही वेळ न थांबता चालवायची. मरोळला पट्टे होते, रस्ता खणलेला होता. सांताक्रूझला रस्ता होता, पट्ट्यांवर गाड्या उभ्या होत्या. गोवंडीला दोन्ही होते, पण त्यावर कचऱ्याचे ट्रक होते. गाडी आठवडाभर नुसती हिंडत राहिली. अखेर बोरिवलीत कसल्याशा उद्घाटनाला मंत्री येणार असे ठरले, एका रात्रीत रस्ता गुळगुळीत होऊन पट्टे उमटले, आणि सकाळी मंत्र्यांच्या आधी मिठबावकरांची गाडी तिथून गेली. तिची दृष्टी निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

मधला सोमवार असाच गेला. कुंदाताई पहाटे न्हाऊन, धुवट पातळ नेसून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता हॉलमध्ये बसून होत्या. तारीख रद्द केल्याचे दवाखान्याला कळवले होते, त्यांना सांगायचे राहून गेले होते. हे वाईट झाले. दुपारी माधुरींनी त्यांना ताट वाढले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आज नाय काय?"

गाडी घरी आली तेव्हा श्यामकांतांनी पहिली फेरी आईलाच मारून आणली. त्यांना पुढे बसवले, पट्टा स्वतः लावला. कुंदाताईंनी हात पुढे केला आणि हवेत चाचपडत राहिल्या.

"काच खंय आसा रे?"

"तीच तर कमाल आहे, आई," श्यामकांत अभिमानाने म्हणाले. "दिसतच नाही."

श्यामकांत हा वाईट मुलगा नव्हे. दिवाळीनंतर मोतीबिंदू नक्की पिकणार आहे. तरीही ज्या वाचकांना त्यांचा संताप आला असेल, त्यांनी कृपया दोन तारखा आठवून पाहाव्यात. आपल्या गाडीचे पुढचे सर्व्हिसिंग कधी आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावले होते. मोबाइल न उघडता. पहिली आली ना लगेच?