टॉवेलाखालची सोनोग्राफी

बेल्ह्याच्या गेणभाऊंनी बैलबाजारात भल्याभल्यांना टॉवेलाखाली गुंडाळलं होतं. तिथली रीतच तशी. भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली हातात हात घालून बोटं दाबायची. समोरच्यानं हात आवळला की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

असा हा वाघ लेकीपुढं मात्र गरीब गाय. हर्षालीला पुण्यात सोनोग्राफीचा कोर्स करायचा होता. मुलाखत परवावर आलेली. पुस्तक तोंडपाठ, पण चार माणसांत आवाज असा, की मांजरानंसुद्धा कान टवकारून ऐकावा.

"माझ्यावर प्रॅक्टिस कर," गेणभाऊ म्हणाले. (इथंच नडलं.)

"आबा, आधी लिटरभर पाणी प्यायचं. आन् मी सांगंस्तवर लघवीला जायचं न्हाई."

"हात्तिच्या! दोन लिटर आण!"

प्याले आणि खाटेवर आडवे झाले. जेल म्हणून खोबरेल, मशीन म्हणून साबणाची वडी, पोटावर अब्रूपुरता टॉवेल. पाव तासात कपाळावर घाम.

"पोरी, आटप!"

"श्वास धरा," हर्षाली पुटपुटली.

"श्वासाचं सोड, दुसरंच धरलंय मी!"

"उठलात तर पुन्यांदा दोन लिटर!" लंकाबाई चुलीपासून ओरडल्या. (बायकोला असा मोका रोज थोडाच येतो?)

तेवढ्यात भिमाजी व्यापारी बैल घेऊन दारात. हा एकशिंगी बैल तीन बाजार फिरून न विकताच परत आलेला. समोर गेणभाऊ, वर पसरलेला टॉवेल. आणखी काय आवतण पाहिजे? त्यानं झटकन आत हात घालून बोटं दाबली. नेमकी तेव्हाच अशी कळ आली, की गेणभाऊंनी तो हात करकचून आवळला.

"पटलं!" भिमाजी नाचला.

"अरं, मला जायचंय..."

"जावा की राव! बैल दावणीला बांधतो."

"पेशंटला हात लावायचा न्हाई! बाहेर व्हा!"

सगळे दचकले. आवाज हर्षालीचा होता, आणि वेशीपर्यंत गेला होता. भिमाजी पळाला (बैल बांधूनच). गेणभाऊ तर त्याच्याही पुढं पळाले.

मुलाखतीत सरांनी विचारलं, "पेशंट घाईला आला, तर काय कराल?"

"गोड बोलेन, हात लवकर चालवेन," हर्षाली खणखणीत म्हणाली, "आणि तोवर त्याला बैल घेऊ देणार नाही."

मग सगळं सांगावं लागलं. सर डोळे पुसेस्तोवर हसले. आठवड्यानं यादीत नाव लागलं, आणि गेणभाऊंनी गावभर पेढे वाटले.

बैल अजून दावणीलाच आहे. गाव त्याला 'सोनोग्राफी' म्हणतं. आणि गेणभाऊ बाजारात सौद्याला बसले, की भिमाजी टॉवेल नंतर काढतो. आधी पाण्याचा तांब्या पुढं करतो.