माळ्यावरचं एडन

“बा, एडनला जानार तू, मग शाळा मी का सोडायची?”

हा प्रश्न भर पंगतीत विचारून दाखव, असं रोझलीन आणि हंसा या मैत्रिणींनी पॉलिनला डिवचलं होतं. पॉलिनने तो विचारला, आणि तोही निरोपाच्या तिसऱ्या जेवणात, सगळी आळी कोंबडीवर तुटून पडलेली असताना. तिच्या बापाला, जोसेफला, जोराचा ठसका लागला.

“मग रहाट कोन हाकनार?” ठसका थांबल्यावर तो म्हणाला. “आय तुझी भाजी घेऊन बाजारात जानार. सहाच तर महिने!”

“सहा महिन्यांत माझी नववी बुडते!”

“बुडू दे. लोकांपुढं हात नाय पसरायचा आपन.”

जोसेफ मुंबईत एका बोटकंपनीत कारकून. समुद्रापलीकडच्या एडन बंदरातल्या ऑफिसचा कारकून लांब रजेवर गेला, म्हणून सहा महिने त्याच्या खुर्चीवर याची नेमणूक झाली. सांडोर गावात बातमी अशी पसरली, की एडन जणू जोसेफच्या नावावरच झालं. तिसऱ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी लोकांनी बँड वाजवून त्याला टांग्यात बसवलं. शेजारची जुलियानामावशी तर अशी रडली, की टांग्याचा घोडा बिचकला.

आणि त्याच दिवशी दिवेलागणीला, ट्रंक डोक्यावर घेऊन, केळीच्या वाडीतून वाकत वाकत जोसेफ मागच्या दाराने घरात आला. बोटीचं इंजिन बिघडलं होतं. आता आठ दिवसांनी निघणार.

“मग पुढच्या दारानं यायचं!” त्याची बायको कार्मिन म्हणाली.

“कुठल्या तोंडानं? तीन जेवनं जेवलो, बँड वाजला, जुलियाना रडली. आठ दिवस माळ्यावर काढतो. कोनाला कळनार नाय.”

कळलं नसतंही. पण सांडोरचे लोक फारच चांगले निघाले, तिथे घोटाळा झाला.

सकाळी पॉलिन रहाटावर गेली, तर शेजारचे सेबेस्टियनकाका रेड्याला जुंपून आधीच गोल फिरत होते. “बाप परदेशी, आन पोरगी रेडा हाकनार? हो बाजूला!”

दुपारी जुलियानामावशी चटई आणि उशी घेऊन आली. “घरात दोघीच बायका. जोसेफ येईपर्यंत मी हितंच निजनार.”

“सहा महिने?” कार्मिनच्या हातातली पळी खाली पडली.

“वर्ष लागलं तरी!”

झालं! जोसेफला माळ्यावरून पाय खाली टाकायची सोय उरली नाही. पॉलिन ताट झाकून शिडी चढू लागली, की मावशीची मान वर.

“कोनाला गो नेतेस?”

“मांजर व्यालीय वर.”

“मांजरीला चार भाकऱ्या? आन बोंबलाचं कालवन?”

“बाळंतीन हाय ना, मावशी.”

मावशीला दया आली. दुसऱ्या दिवशी तिने बाळंतिणीसाठी वाटीभर दूध आणि माशांची डोकी आणली. जोसेफ दूध प्यायला. डोकी त्याने परत पाठवली.

वर त्याला एकच उद्योग होता. कौलांच्या फटीतून वाडीकडे बघणं. पहिल्या दिवशी तो कुजबुजला, “पाट तिकडून का फिरवला या सेबेस्टियननं? केळी मारनार माझ्या!” तिसऱ्या दिवशी म्हणाला, “पॉलिन, केळी जरा तरारल्या काय गो?”

चौथ्या संध्याकाळी मावशीने आळी गोळा केली. जोसेफचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून अंगणात लदीन गायची होती, म्हणजे मारियामातेची लॅटिन प्रार्थना. एकाने मातेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’, असं म्हणायचं. गावात नावं घेण्याचा मान वर्षानुवर्षं जोसेफचा. तो नाही म्हणून सेबेस्टियनकाकांनी सूर लावला, तो नको इतका वर. अर्ध्यावर काका थांबले. पुढचं नाव आठवेना.

“तुर्रिस एबुर्नेआ!” पुढचं नाव भरदार आवाजात आलं.

“ओरा प्रो नोबिस!” सवयीने सगळी आळी एका सुरात म्हणाली. आणि मग सगळ्यांनी वर बघितलं.

“बोट बुडाली गो!” मावशीने हंबरडा फोडला. “जोसेफचा आत्मा घरी आला!”

बायका रडू लागल्या. एकाने टोपी काढली. पॉलिनने माळ्याकडे तोंड करून ओरडून सांगितलं, “बा, खाली ये! तुझं मयत सुरू झालं!”

शिडी करकरली. केसांत कोळिष्टकं, अंगावर गवत, अशा थाटात जोसेफ अंगणात येऊन उभा राहिला. सेबेस्टियनकाकांनी त्याला खालीवर न्याहाळलं.

“काय रे, एडन इतकं जवळ हाय?”

हसण्याचा जो स्फोट झाला, त्याने कोंबड्या खुराड्यात फडफडल्या. फक्त मावशी हसली नाही. तिच्या डोक्यात हिशोब चालला होता.

“मेल्या, तू व्यालास व्हय रे? दूध प्यालास ना माझं!”

मग तीही हसली, डोळ्यांना पदर लावून.

जोसेफने इंजिनाची हकिकत सांगितली आणि हात जोडले. “तुमच्याकडं मागायची लाज वाटली मला, म्हनून पोरीला घरी बसवली. आन तुमी न मागता...” त्याने बाहीने डोळे पुसले.

“आता तू रडू नको,” काका म्हणाले. “ते खातं जुलियानाचं हाय.”

मंडळी पांगू लागली तशी पॉलिन धावत कुंपणापाशी गेली. तिथे काका आणि मावशीशी तिचं बरंच काही बोलणं झालं. मावशीने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. पॉलिन परत आली, ती नाक पुसत, पण ताठ मानेने. आईबाप ओसरीवर बसले होते.

“बा, आय, ऐका. मी उद्यापासून शाळेत जातेय. बा जाईल तेव्हा सकाळचा रहाट काकांचा, रविवारचा माझा. त्याच्या बदल्यात काकांच्या धाकटीला संध्याकाळी मी वाचायला शिकवनार. मावशीचा पोरगा बोटीवर हाय ना, त्याला तिची पत्रं मी लिहिनार. सगळं ठरवून आले. आय, उद्या डबा लवकर दे.”