खिंडीचे महाराज पॉडकास्टास बसले त्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. वाग्देवी बोलणारांस प्रसन्न, आणि वेळेवर गप्प बसणारांस दुप्पट प्रसन्न. शके एकोणीसशें अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, नावावर कोणी जाऊ नये, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लेखकास तेथेच राहावयाचे आहे.

त्या राज्याचे महाराज मोठे नामांकित. अठरा वर्षांमागे शेजारच्या राजाची फौज खिंडीत उतरली असता महाराज एकटेच घोडी फेकीत शत्रूचे गोटात शिरले आणि फौज पळाली, ऐसा लौकिक. चौकात पुतळा उभा, घोडी मागल्या पायांवर, महाराजांचे हाती उपसलेली तलवार, आणि प्रजा येता-जाता हात जोडी. ऐशा महाराजांस पॉडकास्टाचे आमंत्रण आले. पॉडकास्ट म्हणजे नवी कचेरी. तेथे दोघे समोरासमोर बसोन बोलतात, तिसरा कोणी दिसत नाही, आणि लाखो लोक भाकरी थापता थापता ऐकतात. कचेरी चालविणार केतकी राजोपाध्ये नामे बाई. आवाज मऊ, हसणे थोडके, परंतु तिजसमोर बसला तो पोटातले ओठावर आणिल्याविना उठला नाही, ऐसी ख्याती. महाराजांनी आमंत्रण वाचिले आणि घाम पुसला. कारण काय, की ते दिवशी खिंडीत महाराज चालोन गेले नव्हते, चंद्रकळा घोडी त्यांस घेऊन गेली होती. शत्रूचे गोटात हरभरे भिजत घातले होते, त्याचा वास घोडीस लागला आणि ती उधळली, आणि महाराज दोन्ही हातीं आयाळ धरोन "थांब गं, थांब!" म्हणत गेले, तलवार वाटेतच गळाली. शत्रू जेवावयास बसला होता, घोडी पंगतीतून गेली, आणि मागे फौज आहे ऐसे समजोन तो पानावरून उठोन पळाला. हे तिघांसच ठाऊक: महाराज, राणीसाहेब मैनाऊ, आणि घोडीची चाकरी करणारा मोतद्दार राखमाजी. राखमाजीस तोंड न उघडण्याची ताकीद दिली आणि घोडी दूरच्या पागेत धाडिली, कारण तिजकडे पाहिले की महाराजांस आपलीच लाज वाटे. अठरा वर्षांत एकदाही तिचे भेटीस गेले नाहीत.

मग मसलत बसली. त्रिंबकराव चिटणीस यांणी चाळीस पॉडकास्ट ऐकिले होते, सबब तेच सेनापती. चिटणीस बोलिले, "पाहुणा पहाटे चारला उठणारा असावा लागतो, महाराज." महाराज म्हणाले, "आम्ही नवाला उठतो." चिटणीस म्हणाले, "उठावं नवालाच, सांगावं चार. आणि लहानपणी हाल काढलेले असावेत." महाराजांनी फार वेळ आठवण केली आणि म्हणाले, "एकदा बासुंदी करपली होती." चिटणीसांनी लिहोन घेतले, 'बालपणी करपलेले अन्न खाऊन दिवस काढिले.' मग महाराजांनी पुसिले, "आणि खिंडीचं विचारलं तर?" चिटणीस बिचारे अजाण. म्हणाले, "तिथं डोळे मिटावेत, तीन श्वास घ्यावेत आणि म्हणावं, त्या क्षणी भीती नव्हती, फक्त शांतता होती. लोकांना फार आवडतं." राणीसाहेबांनी तोंडास पदर लाविला. ऐसे एकसष्ट प्रश्न, एकसष्ट उत्तरे जाहली, आणि चिटणीस आमटीचा डाव माईक म्हणोन पुढे धरीत आणि महाराज त्यात बोलत, आणि सात दिवसांत गोष्ट येथवर आली की पंगतीस वाढप्याने "आमटी वाढू?" म्हटले तरी महाराज डाव पाहोन डोळे मिटीत आणि म्हणत, "फक्त शांतता होती." तेव्हां एकांत पाहोन राणीसाहेब बोलिल्या, "अहो, एवढी तयारी खिंडीत केली असती तर तलवार तरी हातात राहिली असती. खरं सांगा आणि मोकळे व्हा. अठरा वर्षं त्या चौकातून मान खाली घालून जाताय, मला दिसत नाही का?" महाराज म्हणाले, "पुतळा पाडतील लोक." राणीसाहेब म्हणाल्या, "पाडू देत. कावळ्यांची तेवढी गैरसोय होईल."

नेमिला दिवस उगवला. दुपारची तोफ बंद, चौघडा बंद, कोंबडे सरहद्दीपार रवाना. केतकीबाई दोन माईक घेऊन आल्या. हेडफोन पगडीवर बसेना, म्हणोन पगडी उतरविली, आणि महाराज एकाएकी कोणाचेही काका दिसो लागले. बाई म्हणाल्या, "आधी नुसता आवाज तपासते हं, महाराज. सकाळी काय खाल्लंत, सांगा." चिटणीसांनी कागद चाळिले. एकसष्टांत हा प्रश्न नव्हता. महाराजांनी चिटणीसांकडे पाहिले, चिटणीसांनी छताकडे पाहिले, आणि दुसरे काही सुचेना म्हणोन महाराज खरे बोलिले, "काही नाही. घास उतरेना." बाई म्हणाल्या, "का हो?" महाराज म्हणाले, "तुम्ही खिंडीचं विचाराल म्हणून." बाईंनी काही विचारिले नाही, नुसते "हं" म्हटले. त्या एका हुंकाराने अठरा वर्षांचा बांध फुटला, आणि हरभरे, आयाळ, पंगत, तलवार, सर्व बाहेर आले. चिटणीस भुईवर बसले. मध्येच महाराजांस माईकाजवळचा तांबडा दिवा दिसला. बाई म्हणाल्या, "नको असेल तर आत्ता पुसून टाकते." महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिले, त्या हसत नव्हत्या. "राहू द्या," महाराज म्हणाले. तेव्हां बाईंनी पुसिले, "आणि ती घोडी?" "तिनं राज्य राखलं, आणि आम्ही तिला तोंड दाखवलं नाही," महाराज इतुकेच बोलिले. बाई हळूच म्हणाल्या, "आवाज छान येतोय. सुरू करूया?" चिटणीस भुईवरूनच ओरडले, "महाराज पहाटे चारला—" राणीसाहेब म्हणाल्या, "चिटणीस, पुरे."

पॉडकास्ट प्रसिद्ध जाहला आणि प्रजा तीन दिवस हसली. पुतळा कोणी पाडिला नाही. पुतळ्यातल्या घोडीचे गळ्यात मात्र हरभऱ्याची पिशवी बांधिली. शेजारच्या राजाचे पत्र आले, की 'आम्ही आमचे प्रजेस दहा हजार फौज सांगितली होती. घोडी एकच होती हे कळोन फार नाचक्की जाहली, तरी जीव हलका वाटतो. त्या बाईंचा पत्ता धाडावा.' महाराज मात्र भिजले हरभरे स्वतः घेऊन दूरच्या पागेत गेले. चंद्रकळा म्हातारी, एका डोळ्याने अधू. हरभरे खाल्ले, ओळख दिली नाही. आणि मग रिकाम्या तळहातावर नाक टेकोन उभी राहिली. महाराज रडले, ते कोणापासून लपविले नाही. राखमाजी म्हणाला, "सरकार, आता म्या बोलू का?" महाराज म्हणाले, "बोल बाबा." आणि तो दिवस मावळेतो बोलत होता.

सारांश इतुकाच. खिंडीची जुनी बखर, जिच्यात महाराजांचे नेत्रांतून ठिणग्या उडाल्या ऐसे आहे, ती याच लेखकाची. लेखक खिंडीचे दिवशी दाढ दुखते म्हणोन घरी होता. त्या बखरीत घोडीचे नाव लिहावयाचे राहिले, ते येथे लिहितो: चंद्रकळा.