गोतमारे आणि हुकलेली पेनल्टी

लाईट गेली की आमच्या इमारतीत सगळे मेणबत्ती शोधतात आणि गोतमारे आरोपी शोधतात.

गोतमारे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सारी नोकरी त्यांनी वीज केंद्रात केली. तिथे वीजनिर्मितीचा संच बंद पडला की चौकशी व्हायची आणि कारण सापडल्याशिवाय कोणी घरी जात नसे. गोतमारे निवृत्त झाले, पण चौकशा चालूच राहिल्या. "आपोआप काही होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांच्या घरी दूध उतू गेलं, तर त्यांनी वहिनींचा जबाब घेतला. वहिनी म्हणाल्या की दूध मीच उतू जाऊ दिलं, गुन्हा कबूल आहे, आणि शिक्षा म्हणून आज चहा कोणालाच नाही. ती चौकशी तेवढ्यावर थांबली.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे फुटबॉल. बालपण कामठीत गेलेलं, त्यामुळे तिथल्या एका क्लबवर त्यांचा जीव. टीव्हीवरचे मोठे परदेशी सामने ते पाहत नाहीत. त्या खेळाडूंच्या घरचं आपल्याला काही माहीत नसतं, मग आपण ओरडायचं कोणासाठी, असं त्यांचं म्हणणं. क्लबच्या प्रत्येक सामन्याला मात्र ते जातात आणि मला नेतात. मी हिशेबाचा माणूस, साक्षीदार म्हणून बरा.

यंदा नागपूरच्या बाद फेरीच्या स्पर्धेत क्लब उपांत्यपूर्व सामन्यापर्यंत आला. सामना बरोबरीत सुटला. पेनल्टीवर गेला. शेवटची किक इर्शाद नावाच्या तरुणाची होती. ती गोलवरून पार मागच्या कडुनिंबात गेली आणि क्लब स्पर्धेबाहेर. येताना स्कूटरवर गोतमारे एक शब्द बोलले नाहीत, यावरूनच मी ओळखलं की चौकशी लागणार.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितले. प्रशिक्षक तीस टक्के दोषी, कारण इर्शादला शेवटी ठेवलं. पंच पंचवीस टक्के, शिटी उशिरा वाजवली. चणेवाला वीस टक्के, ऐन वेळी डबा खडखडवला. खुद्द गोतमारे दहा टक्के, कारण ते किकच्या आधीच "झालं आपलं" म्हणाले होते. आणि मी पंधरा टक्के.

"मी काय केलं?" मी विचारलं.

"तुम्ही थर्मास उघडला. फस्स झालं."

आम्ही गोलच्या मागे, मांडवात बसलो होतो. ते अंतर आणि त्या वेळचा गोंगाट पाहता थर्मासचा आवाज इर्शादपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. हे मी त्यांना दोनदा समजावलं. न केलेल्या कामावर मी आजवर सही केलेली नाही, हेही सांगितलं. पण गोतमारे पुढे गेले होते. इर्शाद, दहा टक्के.

मी बेरीज केली. एकशे दहा होत होते. कोणाचं तरी कमी करावं लागेल, असं मी म्हटलं.

त्यांनी विचारही केला नाही. "इर्शादचे दहा काढा."

"अहो, किक त्यानं मारली. त्याचं शून्य?"

"बेरीज जमली ना? मग चला कामठीले. तुमचं बयान पाहिजे तिथं."

बसमध्ये गोतमारेंनी मला खरी गोष्ट सांगितली. इर्शादनं सराव सोडला होता. बूट चुलतभावाला देऊन टाकले होते. मोहल्ल्यात जो तो त्याला त्या कडुनिंबाचा पत्ता विचारत होता. मी म्हटलं, पोरगा आहे, विसरेल.

गोतमारे खिडकीबाहेर पाहत होते. "नाही विसरत," ते म्हणाले. "माझ्या हातून एकदा चुकीचा स्विच दाबला गेला होता. संच बंद. चौकशीत फक्त माझं नाव आलं. त्या दिवशी स्टाफ बसमध्ये लोकं उभे राहून आले गा, पण माझ्या बाजूले कोणी बसलं नाही."

कामठीला उतरल्यावर ते मला थेट इर्शाद काम करतो त्या मागांच्या शेडमध्ये घेऊन गेले.

इर्शाद यंत्रमागावर होता. आम्हाला पाहून त्यानं माग थांबवला, पण मान वर केली नाही. गोतमारेंनी उभ्या उभ्या निकाल सांगितला: तीस, पंचवीस, वीस, पंधरा, दहा.

"चाचा," इर्शाद म्हणाला, "किक तो मैंने मारी थी."

"तुझं शून्य आहे. बेरीज पाह्यली आहे यांनी." मग गोतमारेंनी मला पुढे केलं. "सांगा त्याले."

मी दोघांकडे पाहिलं. त्यात गोतमारेंचा चेहरा जास्त पडलेला होता.

"थर्मास मी उघडला," मी म्हणालो. "झाकण घट्ट होतं, आवाज फार मोठा झाला." आणि एवढ्यानं भागेल असं वाटेना, म्हणून पुढे म्हटलं, "पंधरा नाही, पंचवीस टक्के धरा. गोतमारेंचे दहा माझ्याकडे घ्या."

"काहून?" गोतमारे चमकले. "माझे दहा माझ्यापाशी राहू द्या."

त्या दहा टक्क्यांवरून आमची तिथेच हुज्जत लागली. शेजारचे दोन मागही ऐकण्यासाठी बंद झाले. इर्शाद एकदा गोतमारेंकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मग त्यानं तोंडावर हात ठेवला, पण हसू काही थांबलं नाही.

"चाचा," तो म्हणाला, "अगले मॅच को इनको मत लाना."

गोतमारेंनी मला तिथल्या तिथे मैदानबंदी घातली आणि इर्शादला विचारलं, सराव किती वाजता असतो.