जागा सोडली, पॉइंट्स मिळाले!

काळाचौकीच्या आमच्या अख्ख्या चाळीत विमान कंपनीचं सिल्व्हर कार्ड फक्त माझ्याकडे आहे! मी कारखान्यांना व्हॉल्व्ह विकतो. महिन्यातून चारदा उडतो, आणि उडतो ते एकाच कंपनीच्या विमानाने. दुसऱ्या कंपनीचं विमान दिसलं की मी सरळ मान फिरवतो!

गोल्ड कार्डाला दोनच उड्डाणं कमी पडत होती. मुदत एकतीस मार्च. एक तारखेला दुपारी नागपूरला मीटिंग होती.

"दीड तासात पोचवणारं थेट विमान आहे की," माझी बायको प्राची म्हणाली.

"ते आपल्या कंपनीचं नाही!"

"आपली? तू कधी विकत घेतलीस?"

तिला निष्ठा कळत नाही. मी एकतीसलाच हैदराबादमार्गे निघालो. एका कामात दोन उड्डाणं!

हैदराबादला नागपूरच्या गेटवर घोषणा झाली. विमानात माणसं जास्त झालीत. जो आपली जागा सोडेल, त्याला दहा हजार पॉइंट्स आणि पुढच्या विमानात जागा! वाक्य संपायच्या आत माझा हात वर! शाळेत कधी इतक्या जोरात वर केला नव्हता. कागदावर सही ठोकली आणि फुशारून घरी फोन लावला.

"आई, मी जागा सोडली!"

"काय केलंस?"

"जागा सोडली! सही करून मोकळा! दहा हजार मिळाले!"

पलीकडे भांडं पडलं. फोन बंद. म्हटलं, आनंदाने सुटलं असेल हातातून.

आता एक सांगायचं राहिलं. आमची चाळ पुनर्विकासात जातेय, आणि बिल्डरचा माणूस आला की गेली आठ वर्षं आई एकच वाक्य बोलते : "मी जागा सोडणार नाही!"

पाच मिनिटांत चाळ कमिटीचे सेक्रेटरी लवूकाका फोनवर.

"उन्मेषा, दहा हजारात? अरे, दहा हजारात मोरीचो दरवाजो येवचो नाय! आवशीक खंय ठेवतलस?"

मोरी आणि आई मध्येच कुठून आल्या ते कळलं नाही, पण दहा हजार म्हणजे पॉइंट्सच! "काळजी नको काका, दुसरी जागा मिळतेय!"

"खंय?"

"नागपूरला!"

"अगो कमल," काका मागे वळून आईला ओरडून म्हणाले, "तुका नागपुराक धाडता हा!"

मागे रडारड. मी घाईघाईने म्हणालो, "खिडकीची मागितलीय, काका!"

"निसती खिडकी? आणि हॉल?"

प्राची लोअर परळच्या ऑफिसातून घरी पोचली, तेव्हा सगळी चाळ आमच्या दारात! आई खोलीला कुलूप लावून, चावी कमरेला खोचून उंबऱ्यावर बसलेली. "सही त्येची असली तरी चावी माझी आसा!"

प्राचीने फोन केला. "उन्मेष, कुठली जागा सोडलीस?"

"विमानातली! दुसरी कुठली?"

तिकडे हशाचा असा स्फोट झाला की मी फोन कानापासून लांब धरला. आई मात्र हसली नाही म्हणे. तिने कुलूप रात्रीच्या जेवणापर्यंत काढलं नाही.

मी गेटवरच्या मुलीला रुबाबात विचारलं, "माझं पुढचं विमान किती वाजता?"

"उद्या सकाळी सव्वासातला, सर."

उद्या. म्हणजे एक एप्रिल. म्हणजे नवं वर्ष, मोजणी शून्यापासून! आणि गोल्ड कार्ड पॉइंट्सवर नाही, उड्डाणांवर मिळतं.

पण कंपनी मला विसरली नाही हं! परवाच मेल आली : एप्रिलमध्ये तीन उड्डाणं करा, पॉइंट्स दुप्पट. पुढच्या आठवड्यात मला नाशिकला काम आहे. दिल्लीमार्गे जातोय.

प्राचीला बसने जातोय म्हणून सांगितलंय. तुम्ही बोलू नका.